ओंग-बाक २ : भारतात कायदेशीर मार्गाने कसा बघायचा, आणि कुठली आवृत्ती?

रानवारा

थाई ॲक्शन नट टोनी जाचा पहिला ओंग-बाक (२००३) इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार. दुसरा भाग मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलाय, आणि पाहिलेल्यांपैकी अनेक जण "पहिल्याची सर नाही" म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

नावामुळे फसगत होते, म्हणून आधीच सांगतो. हा पहिल्या भागाच्या पुढची गोष्ट नाही. पहिल्यात आजचं बँकॉक आहे. गावातल्या बुद्धमूर्तीचं शीर चोरीला जातं आणि ते परत आणायला टिंग शहरात येतो. दुसऱ्यात आपण थेट पंधराव्या शतकात, अयुत्थया या जुन्या थाई राज्याच्या काळात जातो. तिएन हा सरदाराचा मुलगा. आईबाप कटात मारले जातात आणि तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागतो. ते त्याला मगरीच्या पुढ्यात टाकतात, तेव्हा चेर्नांग नावाचा डाकूंचा म्होरक्या त्याच्याकडे एक सुरा फेकतो. पुढचं त्या पोराने स्वतः निभवायचं. तिथून तो डाकूंमध्ये वाढतो आणि त्यांच्यापाशी आहे ती प्रत्येक विद्या शिकतो : थाई तलवारी, चिनी कुंग फू, जपानी कताना, तीन तुकड्यांचा दंड, दोरीला बांधलेलं पातं.

पण सिनेमाचं मर्म मला वेगळंच वाटतं. लहान तिएनला योद्धा व्हायचं असतं आणि वडील त्याला नाच शिकायला पाठवतात. पुढे तोच मुलगा मुखवटा घालून नर्तक म्हणून आईबापांना मारवणाऱ्या राजसेनाच्या दरबारात शिरतो. त्या प्रवेशात नाच कुठे संपतो आणि हल्ला कुठे सुरू होतो ते बघण्यासारखं आहे. मनगट वळतं, बोटं मागे झुकतात, पाय उचलला जातो, आणि तोच पाय खाली न येता समोरच्यावर जातो. मोबाइलवरच्या धुरकट प्रतीत हे दिसतच नाही. तिथे फक्त अंधारात कोणीतरी कोणालातरी मारतंय एवढंच कळतं.

माझे प्रश्न दोन. भारतात बसून हा सिनेमा सरळ पैसे भरून बघायचा तर नक्की काय करायचं? आणि कुठली आवृत्ती बघायची? लिंका नकोत, रस्ता सांगा.

कृष्णाकाठ

मारामारीबद्दल शंभर टक्के सहमत. पण शेवटाचं काय? (पुढे शेवट फुटतोय, पाहिला नसेल तर हा प्रतिसाद सोडा.) तिएन इतकी माणसं लोळवतो, शेवटी पकडला जातो, आणि निवेदक येऊन त्याच्या नशिबाबद्दल दोन वाक्यं बोलतो की संपलं! दाढी-केस वाढलेला तिएन मूर्तीसमोर उभा, आणि पडदा. प्रेक्षकाला असं रस्त्यात सोडून देणं बरोबर नाही. सूडकथेत सूडाचा निकाल लागलाच पाहिजे, ही माझी साधी अपेक्षा.

आणि पहिल्या भागात मुम जोकमोक हा विनोदी नट होता, हसायला जागा होती. यात सगळं गंभीर.

भटकभवानी

कृष्णाकाठ, शेवट तसा का झाला त्याची पार्श्वभूमी सांगते. मी बँकॉकमध्ये राहते आणि इथे हा किस्सा सिनेमाप्रेमींना पाठ आहे.

टोनी जा या भागात नायक तर होताच, दिग्दर्शकही तोच. २००८ च्या जुलैमध्ये शूटिंग चालू असताना तो सेट सोडून निघून गेला आणि जवळपास दोन महिने कुणाला सापडला नाही. पैसे संपत आलेले, निर्मात्यांशी वाद झालेला. शेवटी समेट झाला आणि उरलेलं काम पूर्ण करायला त्याचे गुरू पन्ना रित्तिक्राई आले. म्हणून दिग्दर्शनात दोघांची नावं आहेत. ५ डिसेंबर २००८ ला, म्हणजे त्या वेळचे राजे भूमिबोल यांच्या वाढदिवशी, चित्रपट लागला. राहिलेली गोष्ट २०१० च्या तिसऱ्या भागात गेली. दुसरा आणि तिसरा मिळून एकच सिनेमा आहे असं समजून बघितलं की राग बराच कमी होतो. तिसऱ्यात तिएनची हाडं मोडलेली असतात आणि तो ध्यान आणि नाच यांच्या आधाराने पुन्हा उभा राहतो. रानवारा म्हणतो तो नाचाचा धागा तिथे पुरा होतो.

पन्नांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाहेर सगळं श्रेय टोनी जाला जातं. ते खोन केनचे, थायलंडच्या ईशान्येकडचे, ज्याला इथे इसान म्हणतात. कमी पैशांत, गावाकडची पोरं तयार करून त्यांनी ॲक्शन सिनेमे काढले. मोठ्या शहरांपेक्षा प्रांतातल्या उघड्या पडद्यांवर ते चालायचे. टोनी जा सुरिनचा, हत्ती पाळणाऱ्या कुटुंबातला. देवळाच्या जत्रेत पडदा लावून दाखवलेले सिनेमे बघत तो वाढला. आपल्याकडे तंबूतल्या टुरिंग टॉकीजने एक पिढी घडवली, तसंच. पन्नांचा सिनेमा बघून पोरगं त्यांच्या मागे लागलं, आणि त्यांनी त्याला आधी महासारखामच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकायला पाठवलं. ओंग-बाकच्या आधीची कित्येक वर्षं त्याने स्टंटमन म्हणून काढली. 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या १९९७ च्या दुसऱ्या भागात नायकाच्या जागी उड्या मारणारा तोच होता.

पन्ना २० जुलै २०१४ ला गेले. त्यांनी शिकवलेली माणसं आजही थाई ॲक्शनचा कणा आहेत.

कृष्णाकाठ

हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई. दोन्ही भाग सलग बघतो. शेवटाबद्दलचं मत तरी तेच : तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला २००८ साली ते अर्धवटच मिळालं.

तिसरी_घंटा

आवृत्तीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, टाळू नका. थाई ॲक्शन सिनेमे बाहेर गेले की त्यांची काटछाट होते, हा जुना अनुभव आहे. पहिला ओंग-बाक फ्रेंच दिग्दर्शक ल्युक बेसाँच्या युरोपाकॉर्प कंपनीने घेतला, नव्याने कापला आणि संगीत बदललं. (अवांतर : त्याच सिनेमात रस्त्यावरच्या पाठलागात भिंतीवर बेसाँच्या नावाने 'तुमची वाट बघतोय' असा संदेश रंगवलेला दिसतो, आणि पुढे खरंच त्याच्याच कंपनीने तो घेतला!) टोनी जाच्याच 'तोम-यम-गूंग'चं तर अमेरिकेत फारच वाईट झालं. जवळपास २५ मिनिटं उडवली, संगीत बदललं आणि नावही बदललं. हत्ती आणि माणूस यांचं नातं उभं करणारा भाग त्यात छाटला गेला. मग लोक म्हणतात, "हत्तीसाठी एवढी मारामारी कशाला?"

म्हणून भाड्याने घेताना दोन गोष्टी तपासा. एक, मूळ थाई आवाज आहे का. दोन, किती मिनिटांचा आहे. एकाच सिनेमाच्या दोन नोंदींमध्ये लांबीचा फरक दिसला तर मोठी घ्या.

डब केलेल्या आवृत्तीला माझा विरोध भाषेसाठी नाही. डबिंगमध्ये अनेकदा पूर्ण ध्वनिपट्टी नव्याने बसवतात आणि फटक्यांचे आवाज सगळे एकसारखे होतात. या सिनेमात कोपर, गुडघा, लाकूड, लोखंड यांचे आवाज वेगवेगळे आहेत. संवाद तसेही कमीच आहेत, इंग्रजी उपशीर्षकांवर सहज भागतं.

पावसाळी_चप्पल

टेलिग्रामवर तिन्ही भाग आहेत. एवढी चर्चा कशाला?

सुरमई

@पावसाळी_चप्पल, धागाकर्त्याने लिंका नकोत असं स्पष्ट लिहिलंय. त्याचा मान ठेवू या.

रानवारा, रस्ता असा.

सर्वात आधी जस्टवॉच (कुठला सिनेमा कुठे बघता येतो ते सांगणारी साइट) उघडा आणि देश 'भारत' निवडा. हे महत्त्वाचं, कारण गुगलवर शोधलं की अमेरिकेतली माहिती आधी येते आणि आपण हिरमुसतो. शोधताना नाव वेगवेगळ्या प्रकारे टाका : ओंग बाक २, ओंग-बाक द बिगिनिंग, नुसतं टोनी जा. परदेशात याला 'द बिगिनिंग' हे नाव चिकटलंय आणि काही ठिकाणी '२' हा आकडाच गायब असतो. मग तेच ॲपल टीव्ही, यूट्यूबचं चित्रपट दालन आणि प्राइम व्हिडिओ यांच्या भाडे-खरेदी विभागात स्वतंत्रपणे शोधा. वर्गणीत नसलेला सिनेमा भाड्याने असू शकतो, आणि आपल्यातले बरेच जण वर्गणीच्या यादीत नाही म्हणून तिथेच शोध थांबवतात.

भाड्याने घेतला तर साधारण ३० दिवसांत सुरू करावा लागतो आणि एकदा सुरू केला की बहुतेक ठिकाणी ४८ तासांत संपवावा लागतो. म्हणजे शुक्रवारी रात्री निवांत वेळ असेल तेव्हाच 'प्ले' दाबा.

आज आहे आणि पुढच्या महिन्यात नाही, असं का होतं तेही सांगते. मी प्रसारण हक्कांच्या कामात काही वर्षं होते. सिनेमाचे हक्क जगभरासाठी एकदम विकले जात नाहीत. देश, माध्यम, भाषा आणि मुदत, प्रत्येकाचा वेगळा तुकडा पडतो. मूळ मालक थाई कंपनी, तिच्याकडून एखादा वितरक दक्षिण आशियासाठी ठरावीक वर्षं घेतो, तो पुढे एखाद्या मंचाला देतो. मुदत संपली की सिनेमा उतरतो. नूतनीकरण करायचं की नाही हे ठरवताना समोर एकच कागद असतो, तो म्हणजे किती जणांनी बघितलं. टेलिग्रामवर लाखभर लोकांनी बघितलेलं त्या कागदावर शून्य दिसतं. म्हणूनच जस्टवॉचवर खातं काढून सिनेमा आपल्या यादीत टाकून ठेवा, भारतात आला की सूचना येते.

रानवारा

सुरमई, हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. वर्गणी आणि भाडं यातला फरक माझ्या मित्रमंडळींनाही समजावून सांगणार आहे.

हिरवी_काडेपेटी

व्हीपीएन लावून थायलंडच्या यादीतून बघितलं तर? पैसे तर आपण भरतोच आहोत.

आणि दुसरं, नुसतं ऑनलाइन बघणं हा गुन्हा आहे का? मध्यंतरी ब्लॉक झालेल्या साइटवर तसा इशारा यायचा.

वकीलीण

दुसऱ्या प्रश्नाचं आधी.

तो इशारा २०१६ मध्ये खूप गाजला होता, आणि मुंबई उच्च न्यायालयातच त्याचा खुलासा झाला. 'ढिशूम'च्या प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, सार्वजनिक प्रदर्शन करणं, विक्रीसाठी किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. इशाऱ्याची भाषा बदलायला त्यांनी सांगितलं.

पण यावरून 'म्हणजे टॉरेंट चालतं' असा अर्थ काढू नका. टॉरेंटवर तुम्ही उतरवता तेव्हाच तुमच्या यंत्रावरून तुकडे दुसऱ्यांना जात असतात. म्हणजे तुम्ही वितरण करताय. टेलिग्रामवर फाइल पुढे पाठवणं हेही तेच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यांसाठी २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत वेगळी शिक्षा आली : ३ महिने ते ३ वर्षं, दंड किमान ३ लाख आणि कमाल निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत.

"परदेशी सिनेमा आहे, आपल्याकडे कोण विचारतंय" असंही ऐकू येतं. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात भारत १९२८ पासून आणि थायलंड १९३१ पासून आहे. थाई सिनेमाला इथे संरक्षण आहे. चित्रपटाचा हक्क भारतात ६० वर्षं आणि थायलंडमध्ये ५० वर्षं चालतो. कुठलाही आकडा धरा, २००८ चा सिनेमा अजून कोणाच्याही मालकीचा नाही असं होत नाही.

व्हीपीएन : वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. पण देश लपवून यादी बघणं बहुतेक मंचांच्या अटींच्या विरुद्ध आहे आणि खातं बंद होऊ शकतं. शिवाय सुरमईने सांगितलेल्या कागदावर तुमची नोंद भारतात होत नाही. मग इथले हक्क घ्यायला कोण पुढे येणार?

गुडघा_कोपर

ठाण्यात मुए थाईचे (थाई किकबॉक्सिंगचे) वर्ग घेतो. माझे विद्यार्थी याच सिनेमांमुळे वर्गाला येतात, त्यामुळे विषय जवळचा आहे.

यूट्यूबवरची अनधिकृत प्रत ओळखायची खूण सांगतो. एका विद्यार्थ्याने मला एक लढत दाखवली आणि म्हणाला, "सर, हा डाव्या बाजूने का लढतोय?" मी थांबवून बघितलं, तर मागच्या फळीवरची अक्षरं उलटी. आरशात बघितल्यासारखं चित्र उलटवलेलं होतं, कडा कापलेल्या, आवाज किंचित चढवलेला. यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला चकवायला हे करतात. गंमत म्हणून बघणाऱ्याला फरक पडणार नाही, पण शिकणाऱ्याचं नुकसान होतं. पुढचा पाय कुठला, वजन कुठे, गुडघा कुठल्या बाजूने येतोय, हे सगळंच फिरतं. कडा कापल्यावर पाय चौकटीबाहेर जातात. या सिनेमात पायच बघायचे आहेत!

टोनी जा जे करतो ते रिंगमधलं मुए थाई नाही, ते जुनं मुए बोरान. ग्लोव्हज नाहीत, हाताला दोर गुंडाळलेला. डावांना रामकथेतली आणि पुराणांतली नावं आहेत. 'हनुमान अंगठी अर्पण करतो' या डावात दोन्ही मुठी एकाच वेळी खालून वर हनुवटीखाली जातात. 'ऐरावत सुळे उचलतो' असाही एक डाव आहे. मुलांना नाव सांगितलं की डाव लक्षात राहतो, हा माझा वर्गातला अनुभव.

आणि हत्तींचा प्रसंग. तो धावत्या कळपाच्या पाठींवरून पळत जातो, पुढच्या हत्तीपर्यंत पोचतो आणि त्याच्यावर उभा राहतो. पाऊल टाकताना तो पाठीच्या मधोमध टाकतो आणि गुडघा कधीच पूर्ण सरळ करत नाही. हत्तींमध्ये वाढलेल्या माणसालाच ते जमावं. माझ्या मते त्या एका प्रसंगासाठीसुद्धा पूर्ण भाडं वसूल आहे.

माझा प्रश्न : दिवाळीनंतर वर्गातल्या मुलांना आणि पालकांना सोसायटीच्या हॉलमध्ये हा सिनेमा दाखवायचाय. तिकीट लावणार नाही. माझ्या खात्यावरून भाड्याने घेऊन प्रोजेक्टरवर लावला तर चालेल?

वकीलीण

नाही, गुडघा_कोपर सर. भाड्याने घेतलेली प्रत घरगुती वापरासाठी असते. तिकीट नाही म्हणून सार्वजनिक प्रदर्शन खासगी होत नाही. घरी चार विद्यार्थ्यांना बोलावलं तर ते वेगळं, हॉलमध्ये पालकांसकट शंभर माणसं हे वेगळं. भारतातले हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून एका खेळाची लेखी परवानगी घ्या. अर्जात तारीख, जागा, आसनसंख्या आणि तिकीट नाही हे लिहा. छोट्या खेळांना वितरक अनेकदा वाजवी रक्कम सांगतात. आणि भारतात त्याला कुठलं प्रमाणपत्र मिळालंय ते आधी बघा. गळे कापले जातात, रक्त भरपूर आहे. लहान मुलांना हा सिनेमा दाखवू नये असं माझं आई म्हणूनही मत आहे.

गुडघा_कोपर

समजलं. लहान गटाला वगळतो, आणि अर्ज करतो. मसुदा इथे टाकला तर नजर टाकाल का?

वकीलीण

नक्की टाका.

काळाघोडा

चकत्या (डीव्हीडी, ब्लू-रे) गोळा करणाऱ्यांसाठी. मंचावरून सिनेमा उतरतो, कपाटातली चकती राहते, म्हणून मी अजून विकत घेतो. पण घेण्याआधी चकती कुठल्या प्रदेशासाठी आहे तो क्रमांक (रीजन कोड) बघा. डीव्हीडीत भारत ५, थायलंड ३, युरोप २, अमेरिका १. ब्लू-रेमध्ये भारत सी, थायलंड आणि अमेरिका ए, युरोप बी. म्हणजे थायलंडहून आणलेली ब्लू-रे अमेरिकेच्या प्लेअरवर चालेल आणि आपल्या नेहमीच्या प्लेअरवर अडेल. सर्व प्रदेश वाचणारा प्लेअर घेतला की कटकट मिटते.

थायलंडमधल्या स्थानिक चकत्यांवर बऱ्याचदा इंग्रजी उपशीर्षकं नसतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात भाषांची यादी असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ऑनलाइन बाजारात 'तिन्ही भाग एकाच चकतीवर' असं दिसलं तर सरळ पुढे जा. मी एका विक्रेत्याकडून असा संच मागवला होता, रंगीत झेरॉक्सचं वेष्टन आणि आत घरी कॉपी करून बनवलेली चकती निघाली. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण सिनेमा नाही.

पावसाळी_चप्पल

एक प्रामाणिक प्रश्न, वाद घालायला नाही. मी दिलेल्या भाड्यातले पैसे त्या स्टंटवाल्यांपर्यंत पोचतात का? ती माणसं तेव्हाच रोजंदारीवर काम करून मोकळी झाली असतील.

सुरमई

चांगला प्रश्न आहे. थेट नाही पोचत. स्टंट कलाकारांना पुढच्या विक्रीतला वाटा मिळेल असे करार आपल्याकडे किंवा तिकडे सर्रास होत नाहीत. पैसा हक्कधारकाकडे जातो. पण पुढचा ॲक्शन सिनेमा काढायचा की नाही हे तोच ठरवतो, आणि स्टंटच्या चमूला काम तिथूनच मिळतं.

रानवारा

यात माझीही भर. पहिल्या ओंग-बाकची जाहिरातच अशी होती की तारा नाहीत, संगणकाची करामत नाही, बदली माणूस नाही. पाय पेटवून लाथ मारायच्या प्रसंगात टोनी जाच्या भुवया आणि पापण्या भाजल्या. दुसऱ्या भागात तर त्याच्या समोर पडणारा प्रत्येक माणूस खरोखर पडलाय. शेवटच्या लढतीत हत्तीच्या पोटाखालून, सोंडेवरून, सुळ्यांमधून लोक फेकले जातात. त्यांची नावं श्रेयनामावलीत शेवटी बारीक अक्षरात येतात आणि चोरट्या प्रतीत ती नामावलीच कापलेली असते. मला याचा मनापासून राग येतो. माझ्या भाड्याच्या पैशांतून त्यांचं घर चालणार नाही हे मान्य. पण ज्यांनी हाडं पणाला लावली त्यांची नावं वर सरकेपर्यंत मी खुर्चीवर बसून राहतो, आणि ती नावं असलेलीच प्रत बघतो.

पावसाळी_चप्पल

पटलं. या वेळी भाड्याने शोधतो. टीव्हीवर बघू की लॅपटॉपवर?

तिसरी_घंटा

टीव्हीवर. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र मऊ करणारी 'मोशन'ची सोय बंद करा. जलद हालचालीत ती मधल्या चौकटी स्वतः तयार करते आणि फटक्याचा जोर जातो. खोलीतला दिवाही मालवा, या सिनेमात रात्रीचे आणि गुहेतले प्रसंग खूप आहेत.

भटकभवानी

थाई सिनेमाची गोडी लागली असेल त्यांच्यासाठी आणखी एक सरळ रस्ता. बँकॉकजवळ सालाया इथे थाई फिल्म आर्काइव्ह आहे. त्यांची अधिकृत यूट्यूब वाहिनी आहे आणि तिथे जुने थाई सिनेमे फुकट आणि कायदेशीर बघता येतात. इकडे फिरायला आलात तर सालायाला जरूर जा, तिथे मोफत खेळ असतात.

ओंग-बाकच्या पुढे काय बघायचं असं विचारणाऱ्यांना मी 'चॉकलेट' (२००८) सांगते. दिग्दर्शक पहिल्या ओंग-बाकचेच, प्रच्या पिंकेव. नायिका जीजा यानिन. लढती पन्नांच्याच हाताखालच्या.

कृष्णाकाठ

'चॉकलेट'चा शेवट पुरा आहे ना?

भटकभवानी

पुरा आहे. इमारतीच्या बाहेरच्या सज्जांवर, मजल्यामजल्यावर लढत चालते आणि माणसं खाली कोसळत राहतात. नामावली सुरू झाली तरी उठू नका. चित्रीकरणात कोणाला काय लागलं ते त्यात दाखवलंय.